घरगुती फ्रिज : बिघाड, निदान आणि दुरुस्ती

घरगुती फ्रिजमधील दोष लक्षणांवरून ओळखणे, मोजमापाने त्याची खात्री करणे आणि सदोष भाग दुरुस्त करणे किंवा बदलणे, या कामांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. फ्रिजचे दोष तीन गटांत मोडतात : मांडणी व वापरातील दोष, विजेच्या जोडणीतील दोष आणि शीतक वायूच्या बंद परिपथातील दोष. पहिल्या गटातील दोष घरच्या घरी दूर होतात. दुसऱ्या गटातील पुष्कळसे एखादा स्वस्त भाग बदलून जातात. तिसऱ्या गटातील दुरुस्ती मात्र खर्चाची आणि कौशल्याची असते. म्हणून तपासही याच क्रमाने करावा. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते : थंडावा कमी झाला की ‘गॅस संपला’ असे सांगून कारण न शोधताच गॅस भरला जातो. फ्रिजमधील गॅस वापराने खर्च होत नाही. सीलबंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे.

रचना व कार्य : कॉम्प्रेसर शीतक वायूवर दाब देतो. तापलेला वायू मागील काळ्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड असते. त्यामुळे त्या बाजू कोमट लागतात व तो दोष नव्हे. हा द्रव ओलावा व कचरा अडवणाऱ्या ड्रायरमधून कॅपिलरी या अतिशय बारीक नळीत शिरतो. तेथे त्याचा दाब उतरतो आणि फ्रीझरच्या कॉइलमध्ये उकळताना तो आतील उष्णता शोषून घेतो. पुढे तो पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो.

थर्मोस्टॅट किंवा तापमानाचा सेन्सर कॉम्प्रेसर केव्हा चालू-बंद व्हावा हे ठरवतो. साध्या कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर रिले मिळवून देतो आणि विद्युत्प्रवाह किंवा उष्णता वाढली तर ओव्हरलोड त्याचा पुरवठा तोडतो. इन्व्हर्टर जातीच्या कॉम्प्रेसरमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक कार्ड करते.

डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये बर्फ कॉइलच्या पृष्ठावर साचतो व तो अधूनमधून वितळवावा लागतो. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये कॉइल पडद्याआड असते, पंखा थंड हवा खेळवतो आणि ठरावीक काळाने डिफ्रॉस्ट हीटर कॉइलवरील बर्फ वितळवतो. हे पाणी नळीतून कॉम्प्रेसरवरील तबकात उतरून तेथील उष्णतेने सुकते.

शीतक वायू : भारतात फ्रिजचे उत्पादन १९५८ मध्ये गोदरेजने सुरू केले. त्या काळापासून अनेक दशके आर-१२ हा क्लोरोफ्लुओरोकार्बन गटातील वायू प्रचलित होता. ओझोन थराला होणाऱ्या हानीमुळे १९८७ च्या माँट्रियल करारान्वये तो हटवण्याचे ठरले. भारत १९९२ मध्ये या करारात सामील झाला. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डाय-ऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. आज घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तो हवामानाला फारसा जाचक नाही; मात्र तो ज्वलनशील आहे. कोणता वायू किती ग्रॅम भरला आहे, हे फ्रिजच्या पाटीवर छापलेले असते. दुरुस्तीची सुरुवात ही पाटी वाचूनच व्हायला हवी.

प्राथमिक तपासणी : फ्रिजच्या मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात तापमापक ठेवून रात्रभराने वाचन घ्यावे. खालच्या कप्प्यात ते २° ते ५° से. च्या दरम्यान असावे. फ्रॉस्ट फ्री फ्रिजच्या फ्रीझरमध्ये ते −१८° से. च्या आसपास असते. केवळ हात लावून काढलेला निष्कर्ष भरवशाचा नसतो.

नंतर वीजपुरवठा पाहावा. भारतात घरगुती वीजदाब २३० व्होल्ट मानलेला आहे. ग्रामीण भागात कृषिपंप चालू असताना तो बराच उतरतो. तेव्हा साधा कॉम्प्रेसर सुरू होऊ शकत नाही आणि तापतो. अशा ठिकाणी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लागतो.

भिंत व जाळी यांत हवा खेळण्याइतके अंतर हवे आणि जाळीवर धूळ नसावी. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे. तो अलगद सुटून आला, तर रबराचे गॅस्केट सैल आहे. पुष्कळदा ते कोमट साबणपाण्याने पुसल्यावर व दबलेला भाग गरम हवेने शेकल्यावर पुन्हा नीट बसते. कप्पे गच्च भरल्यास हवेचे मार्ग बुजतात, याकडेही लक्ष द्यावे.

परिसराचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. ‘टी’ वर्गाचे फ्रिज १६° ते ४३° से. परिसर-तापमानासाठी बनवलेले असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५° से. च्या वर जातो, तेव्हा चांगला फ्रिजही जवळजवळ अखंड चालतो. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा जाळी आणि नळ्यांचे जोड गंजवते. पावसाळ्यातील दमट हवेने दाराच्या कडांवर घाम येणे सर्वत्र आढळते.

लक्षणे व निदान : _फ्रिज पूर्ण बंद._ आतील दिवा लागत नसेल, तर सॉकेट, प्लग व वायर तपासावी. दिवा लागतो पण कॉम्प्रेसर चालत नाही, असे असल्यास थर्मोस्टॅट, रिले, ओव्हरलोड या क्रमाने पाहावे.

_दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज आणि थंडावा नाही._ कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो, असा याचा अर्थ. कारण कमी वीजदाब, खराब रिले किंवा कॉम्प्रेसर जाम होणे यांपैकी एक असते. वीजपुरवठा तोडून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. कॉमन व रनिंग यांमधला रोध सर्वांत कमी, कॉमन व स्टार्टिंग यांमधला त्याहून जास्त आणि रनिंग व स्टार्टिंग यांमधला या दोहोंच्या बेरजेइतका भरला, तर वाइंडिंग तुटलेले नाही. तेव्हा आधी रिले बदलून पाहावा. ही कसोटी साध्या कॉम्प्रेसरसाठी आहे. इन्व्हर्टर जातीत तिन्ही वाचने जवळपास सारखी येतात.

_फ्रीझर थंड, खालचा कप्पा गरम._ फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये हे लक्षण बहुधा डिफ्रॉस्ट यंत्रणेतील बिघाडाचे असते. पडद्याआडची कॉइल बर्फाने बुजली की पंख्याची हवा पुढे सरकत नाही. फ्रिज बंद करून व दारे उघडी ठेवून बर्फ पूर्ण वितळू दिल्यावर थंडावा परतला आणि काही दिवसांत पुन्हा गेला, तर निदान पक्के होते. मग हीटर, बायमेटल किंवा सेन्सर आणि टायमर तपासावे. १५० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे ३५० ओहम येतो; मीटर अखंडता दाखवतच नसेल, तर हीटर तुटला आहे. पंखाच फिरत नसेल, तरी लक्षण हेच दिसते.

_भाजीच्या पेटीखाली पाणी._ निचऱ्याचे छिद्र अन्नकणांनी किंवा बर्फाने बुजलेले असते. कोमट पाणी सोडून ते मोकळे करावे.

_आवाज._ वायू वाहताना होणारी खळखळ आणि तापमान बदलताना प्लॅस्टिकचा होणारा कटकट आवाज स्वाभाविक आहेत. खडखडाट असेल, तर पाये समतल करावेत आणि नळ्या एकमेकींवर आपटत नाहीत ना, हे पाहावे.

_कॉम्प्रेसर अखंड चालतो, जाळी गार, थंडावा नाही._ येथे बंद परिपथातील दोषाचा संशय घ्यावा. कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ धरत असेल, तर गॅस कमी झाला आहे. थोडा वेळ थंडावा येऊन जात असेल व फ्रिज बंद ठेवल्यावर पुन्हा येत असेल, तर परिपथातील ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून चोकअप होत आहे. परतीच्या नळीवर कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ येत असेल, तर गॅस प्रमाणाबाहेर भरलेला असण्याचा संभव आहे.

बंद परिपथाची दुरुस्ती : डायरेक्ट कूल फ्रिजमधील गळतीचे एक ठळक कारण म्हणजे सुरीने किंवा उलथन्याने बर्फ उचकटणे. ॲल्युमिनियमची कॉइल पातळ असते व तिला सहज छिद्र पडते. गळती शोधण्यासाठी परिपथात कोरड्या नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचे पाणी लावतात. या कामी ऑक्सिजन कधीही वापरू नये. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखाली त्याचा संयोग स्फोटक ठरतो. गळती बुजवल्यावर ड्रायर नवा बसवणे, व्हॅक्यूम पंपाने हवा व ओलावा काढणे आणि पाटीवरील वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरणे, हे तिन्ही टप्पे आवश्यक आहेत. यांतील एक जरी गाळला, तरी दुरुस्ती टिकत नाही.

आर-६००ए वायू वातावरणीय दाबाला −११.७° से. ला उकळतो. फ्रीझरची कॉइल याहून बरीच थंड असल्याने तिच्यातील दाब वातावरणाहून कमी असतो. म्हणून तेथील छिद्रातून, फ्रिज चालू असताना, गॅस बाहेर पडण्याऐवजी हवा व ओलावा आत ओढले जातात. या फ्रिजमध्ये आर-१३४ए भरणे चूक आहे. दोन्हींसाठी कॉम्प्रेसर, तेल आणि वायूचे वजन वेगवेगळे ठरवलेले असते. वायू पूर्ण काढून नायट्रोजनने नळ्या धुतल्याशिवाय ज्योत लावू नये. शक्य तेथे ज्योतीविना दाबून बसवायचे जोड वापरावेत.

सुरक्षा : कोणताही पत्रा उघडण्यापूर्वी प्लग काढावा. इन्व्हर्टर कार्डावरील धारित्रांत प्लग काढल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. फ्रिजच्या अंगाला झटका लागत असेल, तर तो त्याच क्षणी वापरातून काढावा आणि घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. फ्रिज बंद झाल्यावर तो पुन्हा सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे, म्हणजे दोन्ही बाजूंचे दाब समान होतात व कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. सफाई, गॅस्केट, निचरा आणि पाये समतल करणे ही कामे घरी करता येतात. वाइंडिंग, कार्ड व गॅस यांची कामे प्रशिक्षित कारागिराकडेच द्यावीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो.

दुरुस्ती की बदल : रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, हीटर, पंखा व गॅस्केट यांचे दोष असतील, तर जुना फ्रिजही दुरुस्त करणेच योग्य. फोमच्या आतील नळीत गळती असेल किंवा फार जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर जळला असेल, तर खर्च व पुढील वीजबिल यांचा एकत्र हिशेब करावा. टाकाऊ फ्रिज हा ई-कचरा ठरतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रामार्फत लागायला हवी.

ग्राहकाने दुरुस्तीपूर्वी दोषाचे नेमके कारण विचारावे आणि बदललेला जुना भाग पाहायला मागावा. गॅस भरायचा असेल, तर गळती कोठे सापडली, हे दाखवल्याशिवाय त्याला संमती देऊ नये.