टिफ्रॅकची स्मृती: निर्वात नळ्यांच्या काळातील विश्वासार्हतेचा प्रश्न

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका लहान गटाने १९५४च्या सुमारास संगणक उभारणीचे काम हाती घेतले. १९५६मध्ये प्रायोगिक यंत्र चालू झाले, १९६०च्या फेब्रुवारीत पूर्ण आकाराचे यंत्र कार्यान्वित झाले आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे ज्यांना व्हॉल्व्ह म्हणत त्या काचेच्या नळ्या, होत्या. एका नळीचे सरासरी आयुष्य दहा हजार तास, म्हणजे वर्षाहून अधिक, धरले तरी इतक्या नळ्या एकत्र जोडल्यावर दर चार तासांच्या आत एखादी निकामी होणार, असा हिशेब निघतो. नळी विझली तर दोष निदान सापडतो. ती नुसती क्षीण झाली, तर यंत्र चालूच राहते आणि चुकीचे उत्तर देते, व हा धोका अधिक गंभीर होता.

आदेश आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची, प्रिन्स्टन येथे फॉन नॉयमन यांच्या गटाने रूढ केलेली रचना टिफ्रॅकमध्येही होती. मात्र प्रिन्स्टनच्या यंत्रात ही स्मृती दूरचित्रवाणीसारख्या पडद्यावरील विद्युतभाराच्या ठिपक्यांत साठवलेली असे, आणि ते ठिपके क्षणात विरत असल्याने सतत नव्याने उमटवावे लागत. टिफ्रॅकमध्ये त्याऐवजी फेराइटच्या बारीक कड्या वापरल्या गेल्या, आणि यंत्राच्या रचनेतील सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय हाच म्हणावा लागेल. अमेरिकेतील ‘व्हर्लविंड’ यंत्रात अशी स्मृती १९५३मध्येच बसवली गेली होती आणि तिने त्याची विश्वासार्हता पुष्कळ वाढवली होती. फेराइट म्हणजे लोहाच्या ऑक्साइडात अन्य धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेला चुंबकीय पदार्थ. स्मृतीच्या कड्यांत त्यांपैकी एक बहुधा मँगनीज असे.

प्रत्येक कडीतून आडवी व उभी अशा तारा ओवलेल्या असत. दोन्हींतून एकाच वेळी अर्धा-अर्धा प्रवाह गेला, तरच त्यांच्या छेदावरील कडीचे चुंबकत्व उलटे, आणि शेजारच्या कड्यांवर अर्धाच प्रवाह पडत असल्याने त्या जशाच्या तशा राहत. कडी वाचताना तिच्यातील नोंद पुसली जाई, त्यामुळे ती लगेच पुन्हा लिहिण्याची सोय नियंत्रक मंडलातच करावी लागे. पण वीज गेली तरी कडीतील चुंबकत्व टिकून राही. टिफ्रॅकच्या स्मृतीत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे प्रत्येक द्विमान अंकाला एक याप्रमाणे ८१,९२० कड्या.

१९६४मध्ये संस्थेत ट्रान्झिस्टरवर चालणारा सीडीसी ३६०० संगणक आला आणि नळ्यांचे युग तेथे संपले. फेराइटच्या कड्या मात्र त्याही यंत्राच्या स्मृतीत होत्या, आणि अर्धवाहक स्मृतीने त्यांची जागा घेण्यास १९७०चे दशक उजाडावे लागले.