इंग्रजी शिकवण्यासाठी ऑनलाइन साहित्य कसं निवडायचं? या 5 चाचण्या करून पाहा

‘स्पोकन इंग्लिशची 1000 वाक्यं’ अशी एखादी पीडीएफ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलीच असेल. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपासून ते लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळेच मोबाइलवर साहित्य शोधतात. साहित्य ढीगभर मिळतं. त्यातलं वर्गात काय न्यायचं, हा खरा प्रश्न आहे.

माझी मावसबहीण नांदेड जिल्ह्यात शिकवते. तिने अशाच एका पीडीएफमधून ‘लेट अस डिस्कस अबाउट द लेसन’ हे वाक्य मुलांकडून पाठ करून घेतलं. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, हे तिला पुढच्या वर्षी कळलं. तोवर ती मुलं दुसऱ्या शाळेत गेली होती. आपण स्वतः चुकीचं शिकलो तर एकाचं नुकसान होतं, शिक्षक चुकीचं शिकला तर पूर्ण वर्गाचं. म्हणून साहित्य वापरण्याआधी दहा मिनिटं द्या आणि या चाचण्या करा.

1. कोणी बनवलंय आणि कधी?
साइटवर किंवा पीडीएफवर लेखकाचं किंवा संस्थेचं नाव शोधा. नाव नाही, तारीख नाही, फक्त क्लासची जाहिरात आहे, तर सावध राहा. साइट अजून चालू आहे का तेही बघा. उदाहरणार्थ, ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने 1959 साली सुमारे 1500 शब्दांत, सावकाश वाचलेल्या इंग्रजी बातम्या सुरू केल्या. त्यातूनच पुढे त्यांचं ‘लर्निंग इंग्लिश’ उभं राहिलं. मार्च 2025 नंतर तिथे नवे धडे येणं थांबलं. जुने धडे आजही उपयोगी आहेत, पण ताज्या बातम्या तिथे मिळणार नाहीत.

2. उच्चार ऐकायला मिळतो का?
फक्त देवनागरीत लिहिलेल्या उच्चारावर विसंबू नका. ‘व्हिडिओ’ आणि ‘व्हाइट’ आपण एकाच ‘व्ह’ने लिहितो, पण इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा गोल होतो. साहित्यातले कोणतेही पाच शब्द केंब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून ऐका. दोन चुकले तर ती पीडीएफ सरळ डिलीट करा.

3. कोणत्या वयासाठी आणि पातळीसाठी?
बऱ्याच साइटवर ए-1, ए-2, बी-1 असं लिहिलेलं असतं. ही युरोपातली भाषेच्या पातळ्यांची पद्धत आहे, ए-1 ते सी-2 अशी. ए-1 म्हणजे इयत्ता पहिली नव्हे! मोठ्या माणसांसाठी बनवलेल्या ए-1 धड्यात हॉटेल, ऑफिस असे विषय येतात. ते चौथीतल्या मुलाच्या काय कामाचे?

4. आपल्या मुलांच्या भाषेला चालेल का?
मराठीत ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ असं काही नाही. त्यामुळे आपली मुलं नेमकी तिथेच अडखळतात. साहित्यात त्याचा सराव आहे का ते बघा. दुसरी गोष्ट, किनवटच्या तांड्यावर घरी बंजारा बोलतात, देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नडही कानावर पडते. या मुलांसाठी मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. तिथे मराठी भाषांतरापेक्षा चित्रं आणि कृती असलेलं साहित्य जास्त कामाला येतं.

5. वर्गात प्रत्यक्ष चालेल का?
वीज नाही, रेंज नाही, मग काय? ऑफलाइन चालेल असंच निवडा. 128 केबीपीएसचा ऑडिओ मिनिटाला साधारण 1 एमबी होतो, म्हणजे सहा मिनिटांचा धडा 6 एमबीत मावतो. व्हिडिओला याच्या कितीतरी पट डेटा लागतो. परवानाही तपासा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ‘नॉन-कमर्शियल’ लिहिलं असेल, तर फी घेणाऱ्या क्लासने ते वापरू नये.

सुरुवात कुठून करायची?
• दीक्षा अ‍ॅप: बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, त्याच धड्याचं साहित्य उघडतं.
• ब्रिटिश कौन्सिल: शिक्षकांसाठी ‘टीचिंग इंग्लिश’, लहान मुलांसाठी ‘लर्न इंग्लिश किड्स’.
• बीबीसी लर्निंग इंग्लिश: ‘6 मिनिट इंग्लिश’. हे मुलांसाठी नाही, शिक्षकाने स्वतःचं इंग्रजी सुधारण्यासाठी ऐकावं.

एआय चॅटबॉटने बनवलेलं चालेल का?
सरावाची वाक्यं बनवायला चालेल, पण त्यालाही याच पाच चाचण्या लावा. उत्तर आत्मविश्वासाने दिलंय म्हणजे ते बरोबरच असेल असं नाही.

आणि शेवटचं, मित्रांनो. पाचही चाचण्या पास झाल्या तरी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा व्हिडिओ किंवा ही पीडीएफ संपल्यावर मूल काय करणार? नुसतं बघून उठणार असेल, तर दुसरं काहीतरी शोधा. शेजारच्या मुलाशी दोन वाक्यं बोलणार असेल, तर ते साहित्य वर्गात न्या.

ही माहिती तुमच्या ओळखीच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नक्की पाठवा!