भीमथडीच्या हरवलेल्या गढ्या

मध्ययुगीन महाराष्ट्रात वतनदाराच्या तटबंद घराला गढी म्हणत. ती बहुधा चौकोनी असे. गावातल्या उंचवट्यावर दगडी जोते घालून त्यावर मातीच्या जाड भिंती उठवीत, कोपऱ्यांना बुरूज काढीत, आणि एकाच भक्कम दरवाजाच्या आत वाडा, धान्याची पेवे, आड आणि घोड्यांची पागा सामावून घेत. आज शिरूर आणि दौंड तालुक्यांत विभागलेल्या भीमा-घोडच्या काठांवरून निजामशाही, आदिलशाही आणि पुढे मोगलांच्या फौजा सतत ये-जा करीत, त्यामुळे येथल्या पाटील-देशमुखांना असा आसरा जवळ असणे भागच होते. मात्र यांतल्या कितीतरी गढ्या आज जमिनीवर दिसत नाहीत. त्यांचा माग कागदांतून काढावा लागतो, आणि कागदांनी भिंतींपेक्षा हक्कांची नोंद जास्त ठेवलेली असल्याने हा शोध पाटीलकीपासूनच सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

भोसले घराण्याचे उदाहरण यासाठी बोलके आहे. शिवछत्रपतींचे पणजोबा बाबाजी भोसले यांच्याकडे हिंगणी-बेरडी आणि देऊळगाव या भीमेकाठच्या गावांची पाटीलकी होती. पुढे बाबाजींचे पुत्र मालोजीराजे निजामशाहीत चढले, तेव्हा त्यांच्या गढ्यांची आठवण इंदापूर आणि वेरूळ येथे रुजली. घराण्याचा मूळ पाय मात्र या पाटीलकीच्या गावांत होता. पाटीलकी म्हणजे वसुलीच्या कामाबरोबर मानपान, इनाम जमीन आणि घरवाड्याची जागा. वतनावर तंटा पडला की गोतसभा बसे आणि तिच्या निवाड्याचा महजर, म्हणजे साक्षीदारांसह केलेला निर्णयपत्राचा कागद, तयार होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची आणि शेट्याच्या नावापुढे तागडीची निशाणी काढलेली आढळते. भावाभावांच्या वाटणीपत्रात घरवाड्याचे वाटे पडतात, त्यांच्या चतुःसीमा येतात. शेजारचे देऊळ, वेस किंवा ओढा नावाने सांगितलेला असतो. नाहीशा झालेल्या वास्तूचा ठावठिकाणा लावण्यास अशी एक ओळ कित्येकदा पुरते.

यानंतर इंग्रजी अमदानीचे नकाशे पाहावेत, अशी अपेक्षा स्वाभाविक असली तरी ते येथे फारसे उपयोगी पडत नाहीत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात बसवलेली आणि १८३६ मध्ये लागू झालेली जमाबंदीची मोजणी पुढे भीमथडीत, म्हणजे आजच्या दौंडच्या मुलखात आली. तिचे लक्ष काळीवर, म्हणजे पिकाऊ जमिनीवर होते. पांढर, म्हणजे वस्तीची जागा, सारा देत नसल्याने गावठाण म्हणून एका रेषेत बंद करून सोडून दिली गेली. गढी नेमकी त्या रेषेच्या आत होती.

शिवाय गढीची माती हेच तिच्या नाशाचे कारण ठरले. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि कुजलेला पाला मुरलेली पांढरीची माती शेताला खत म्हणून उत्तम, आणि धाब्याच्या घरांच्या छतावर घालण्यासही सोयीची. मालक परागंदा झाला की गाड्या भरभरून ती उचलली जाई. भीमेच्या पलीकडे, श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावचा बहादूरगड दगडी असल्यामुळे पडझडीतही ओळखू येतो. मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याच्या छावणीचे हे ठिकाण. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजीराजांना कैद करून येथेच आणले गेले. शिरूर तालुक्यातल्या पाबळची गोष्ट याहून निराळी आहे. पहिल्या बाजीरावांनी मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे दिली. १७४० मध्ये बाजीरावांपाठोपाठ तीही वारली. पाबळला आज तिची कबर दाखवतात, पण वतनाचा व्यवहार समजून घेण्यासाठी पेशवे दप्तराकडेच वळावे लागते.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते, म्हणजे विंगेटच्या रेषेने वगळलेली पांढर अखेर नकाशावर येते. वाटणीपत्रांतल्या चतुःसीमा या नव्या नकाशांशी ताडून पाहणे, आणि ज्या पडीक उंचवट्याच्या एका बाजूला वेस आणि दुसऱ्या बाजूला देऊळ येते तेथे माती उचलण्यापूर्वी जोत्याचे दगड मोजून ठेवणे, हे काम तालुक्यातल्या अभ्यासकांनी तातडीने हाती घ्यावे असे आहे.