हृदयाचे दूरवाचन: लायडेनची तार आणि तिच्यापुढचा प्रवास

रुग्ण एका ठिकाणी आणि त्याच्या हृदयाची तपासणी वाचणारा तज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था संगणकयुगाची देणगी मानली जाते. वस्तुतः ती जवळजवळ हृदयालेखनाच्या, म्हणजे हृदयस्पंदनाबरोबर उत्पन्न होणारे क्षीण विद्युत्प्रवाह रेषेच्या रूपाने नोंदवण्याच्या तंत्राइतकीच जुनी आहे आणि तिचा उगम सोयीत नव्हे, अडचणीत आहे. नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक असलेले विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या तंतू-गॅल्व्हानोमीटरमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा प्रबळ विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणलेला असे. हृदयाचा प्रवाह त्यातून वाहिला की तो किंचित हले आणि त्याची सावली भिंगांनी मोठी करून सरकत्या छायाचित्रपट्टीवर टिपली जाई. धागा इतका नाजूक, पण त्याचा सरंजाम सुमारे २७० किलो वजनाचा, दोन खोल्या व्यापणारा आणि चालवायला पाच माणसे लागणारा होता. असे यंत्र रुग्णालयात हलवणे शक्य नव्हते आणि अत्यवस्थ रुग्णाला प्रयोगशाळेत आणणे इष्ट नव्हते; तेव्हा दोहोंपैकी काहीच न हलवता केवळ प्रवाहच हलवावा, असा मार्ग काढण्यात आला.

सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालय दूरध्वनीच्या तारेने प्रयोगशाळेला जोडले गेले आणि २२ मार्च १९०५ रोजी या तारेवरून पहिला हृदयालेख टिपला गेला. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत हातपाय बुडवून बसलेला तो पहिला माणूस रुग्ण नव्हता, धडधाकट होता; त्याच्या आलेखातील उंच शिखरांचे श्रेय तो प्रयोगशाळेपासून रुग्णालयापर्यंत सायकल दामटीत गेल्याला देण्यात आले, हा तपशील सायकलप्रेमी देशाला शोभणाराच म्हणावा लागेल. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आइंटहोवेन यांनी या दूरलेखांतून हृदयाच्या कप्प्यांची वाढ, अवेळी पडणारे ठोके आणि वरच्या-खालच्या कप्प्यांमधील विद्युत्संदेश तुटल्याने होणारा पूर्ण हृदयरोध यांची चित्रे मांडली. तार टिकाऊ होती. प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यातील सहकार्य मात्र फार काळ टिकले नाही. दूरवाचनाच्या इतिहासात यंत्राइतकाच महत्त्वाचा ठरणारा प्रश्न, म्हणजे रुग्ण कोणाचा आणि निदान कोणाचे, येथेच प्रथम उभा राहिला असे म्हणता येते. पुढे यंत्रे लहान होऊन रुग्णालयांतच आली आणि तारेची निकड ओसरली.

हृदयाची रेषा पाठवणे एक, हृदयाचे चित्र पाठवणे निराळे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुट हेर्ट्झ यांनी १९५३ मध्ये, धातूंतील दोष शोधण्यासाठी बनवलेल्या श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने, हलत्या हृदयावरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवले; आज ‘इको’ या सुटसुटीत नावाने ओळखली जाणारी तपासणी तेथून विकसित झाली. या तपासणीत चित्राची प्रत छातीवर ठेवलेल्या शोधकाच्या कोनावर, म्हणजे तो धरणाऱ्या हातावर अवलंबून असते. विद्युत्-आलेखासाठी तारा नेमून दिलेल्या जागी जोडल्या की बरेचसे काम भागते. येथे मात्र रुग्णाजवळच्या माणसाकडे कौशल्य नसेल, तर दूरच्या तज्ज्ञापुढे वाचण्याजोगे काही पोहोचतच नाही. तरीही १९८०च्या दशकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रांतांत, जन्मजात हृदयदोषाची शंका असलेल्या अर्भकांचे इको दूरध्वनीच्या जाळ्यातून हॅलिफॅक्सच्या बालहृदयतज्ज्ञांना दाखवले जाऊ लागले; अर्भकाला दूरच्या रुग्णालयात हलवावे की नाही हा निर्णय सुकर करणे हा त्याचा मोठा लाभ होता.

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांतील चित्रे परस्परांना वाचता येईनात, ही त्यानंतरची अडचण होती. तिच्यावरील उपाय म्हणून १९८५ साली अमेरिकेत वैद्यकीय प्रतिमांसाठी सामाईक प्रमाण आखले गेले आणि १९९३ मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे आजचे रूप मिळाले. भारतात इस्रोने २००१ पासून उपग्रहाद्वारे दूरवैद्यकाचे प्रयोग हाती घेतले आणि बंगळुरूचे हृदयरोग रुग्णालय चामराजनगरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाशी जोडले गेले. लायडेनला जड यंत्रामुळे तार ओढावी लागली होती. येथे दुर्मीळ होता तो तज्ज्ञ, आणि यंत्र मात्र रुग्णाजवळ पोहोचलेले होते.