डोळ्यांपुढे काजवे

मावशीची ही गोष्ट आमच्या घरात नेहमी एकाच वाक्याने सुरू होते: "तिने काकांना ओळखलंच नाही."

साल १९९६, पेठ तालुका, आठवा महिना. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पाय सुजले होते, पण ते तर सगळ्यांचेच सुजतात. तिसऱ्या संध्याकाळी ती अचानक काहीबाही बोलायला लागली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं वात चढला. भगताला आणायला माणूस निघालाही होता. तेवढ्यात उपकेंद्रातल्या नर्सबाई आल्या, त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि जीप मागवली.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. सर्व्हर कोसळला की आम्ही आधी लॉग उघडतो. तो कोसळण्याआधी काहीतरी सांगत असतो, आपण वाचलेलं नसतं. मावशीचा लॉग काजव्यांचा होता. गंमत म्हणजे 'एक्लॅम्प्सिया' या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थही अचानक चमकणं असाच आहे. नाव जुनं, मोजमाप मात्र उशिरा आलं. १८४३ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन लीव्हर यांनी झटके येणाऱ्या गर्भवतींची लघवी तापवून पाहिली आणि त्यात प्रथिनं सापडली. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. नर्सबाईंच्या हातात होतं ते हेच.

उपचारांचा इतिहास जास्त वाकडातिकडा आहे. आपल्याकडे बरीच वर्षं मद्रासच्या डॉ. कृष्णा मेनन यांची पद्धत चालली: गुंगीच्या औषधांचं मिश्रण देऊन बाईला झोपवून ठेवायचं. त्या काळात त्यानेही जीव वाचले. पण झोपलेल्या बाईचा गोंधळ वाढतोय की ओसरतोय, हे ओळखणार कसं? दुसरीकडे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे जुलाबासाठी घेतात ते एप्सम सॉल्ट, इंजेक्शनातून देणारे डॉक्टरही होते. वाद मिटला १९९५ मध्ये. भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ स्त्रियांच्या चाचणीत मॅग्नेशियममुळे पुन्हा झटके येण्याचा धोका डायझेपामपेक्षा ५२ टक्के आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्के कमी निघाला. इतकं स्वस्त औषध, आणि निकालाला जवळपास शतक लागलं!

जास्त झालं तर हेच औषध श्वास मंदावतं. म्हणून गुडघ्याला हातोडी मारून पाय उडतो का पाहायचं, श्वास मोजायचे, लघवी मोजायची. पाश्चात्त्य स्त्रियांच्या वजनाचा डोस आपल्या किरकोळ अंगाच्या बायकांना कशाला, हा प्रश्न सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी विचारला आणि कमी डोसची पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटना अजूनही पूर्ण डोसच सुचवते. प्रश्न मात्र मला रास्त वाटतो.

आकडा नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असंही नाही. रक्तातली साखर घसरलेली असेल, मलेरिया मेंदूत गेला असेल, बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झाली असेल. आणि डोळे पिवळे असतील तर यकृत. १९५५-५६ मध्ये दिल्लीच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. गर्भवती जास्त दगावल्या. तो विषाणू 'ए' नव्हता, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून १९८० मध्ये कळलं. त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ होते. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. अशा काविळीत गर्भवती बरळायला लागली तर यकृत हात टेकतंय असं समजायचं.

घाटाच्या रस्त्याने जीप नाशिकला पोचेपर्यंत मावशीला दोन झटके येऊन गेले. तिसऱ्या दिवशी तिने काकांना ओळखलं आणि पहिल्यांदा बाळाचं विचारलं. काकांना उत्तर देता आलं नाही.