पिक कोणतं? कापसाचं!

आज इतिहास गिटारच्या पिकचा. हसू नका, याच्यापायी मी गिटार सोडणार होतो.

वर्क फ्रॉम होममध्ये कामरगावला घरी होतो, तेव्हा ऑनलाइन गिटार मागवली. सोबत दीड मिलिमीटरचं जाडजूड पिक आलं. स्ट्रमिंग करायला गेलो की तारांत अडकायचं, नाहीतर निसटून थेट गिटारच्या पोटात. दोन आठवड्यांत वाटलं, आपल्या हातात संगीतच नाही. सतारवाल्यांची ही भानगड नसते, त्यांची तारेची नखी बोटावर घट्ट बसते. सरोदवाले मात्र नारळाच्या करवंटीचा जवा आपल्यासारखाच चिमटीत धरतात.

बाबा शेतातून आले, तर मी वैतागून म्हटलं, "पिक चुकलं माझं."

"कोणतं पीक?"

तेव्हा हसलो. पण रात्री वाचत बसलो आणि उत्तर खरंच निघालं, कापसाचं!

झालं असं, की आधी चांगली पिक्स हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या कवचाची असायची. कवच लवचिक, तरी कडक. त्यासाठी कासवं मारली जायची. तिकडे १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हस्तिदंती बिलियर्ड बॉलला पर्याय शोधत होता. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची, त्यात कापूर मिसळायचा (हो, आरतीतलाच), की झालं सेल्युलॉइड. जुन्या सिनेमाची रीळंही त्याच कुळातली, म्हणून भडकन पेटायची. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या लुइजी द'आंद्रेयाने सेल्युलॉइडच्या शीटमधून पिक्स कापायला सुरुवात केली. पिक स्वस्त झालं. कासवाची सुटका लगेच झाली नाही हं, त्याच्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली ती १९७० च्या दशकात, साइटीस करारामुळे.

आजही सेल्युलॉइडची पिक्स मिळतात, पाकिटावर बघा. आता नायलॉनचीही असतात. नवीन असाल तर ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचं घ्या. स्ट्रमिंगला ते वाकतं, तारेवर भांडत नाही. एकेक नोट वाजवायला लागलात की एक मिलिमीटरकडे जा. अंगठ्याखालून टोक जेमतेम बाहेर ठेवा. आणि एकाच जाडीची डझनभर घेऊ नका, वेगवेगळी दोन-तीन घ्या.

सकाळी बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पिक उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे आपलाच कापूस आपल्यालेच इकते का बे?"

मग किंमत विचारली. मी सांगितली नाही.