पेव, कोठार आणि किल्ली

महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं दुष्काळाचा विषय काढावा, हें कित्येक वाचकांस विपरीत वाटेल. परंतु सणाच्या दिवशीं ताटांत अन्न आलें कोठून, आणि तें तुटलें असतां वाडवडिलांनीं दिवस कसे काढले, हें तरुण पिढीस ठाऊक असावें, या हेतूनें हा अल्प लेख लिहिला आहे.

संकटासाठीं धान्य सांठविण्याची चाल फार जुनी. उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफाची कथा लहान मुलांसही मुखोद्गत असते. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा त्यानें मिसर देशाच्या नगरोनगरीं सांठविला. त्यानें कोठारें भरलीं हें सर्वांस स्मरतें. दुष्काळ पडतांच तीं उघडलीं, हें मात्र आपण घाईनें वाचून जातों. आणि त्या धान्याच्या मोलापायीं प्रथम लोकांचा पैसा, मग गुरें, शेवटीं जमिनी फारोच्या झाल्या, हें तर बहुधा वाचीतच नाहीं. भरणारा कोण, किल्ली कोणाच्या हातीं, आणि दार उघडल्यावर मोल काय, हे तीन प्रश्न प्रत्येक कोठाराच्या इतिहासांत पुनः पुनः उभे राहतात.

आपल्या देशांतही हा विचार प्राचीन आहे. राजाच्या कोठारांतील निम्में धान्य प्रजेवरील आपत्तीसाठीं राखावें, निम्में वापरावें, आणि जुनें काढून त्या जागीं नवें भरीत जावें, असा नियम कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितला आहे. गोरखपुराजवळ सोहगौरा येथें सांपडलेला ताम्रपट व सांप्रत बांगलादेशांत असलेल्या महास्थान येथील शिलालेख हे दोन्ही इसवी सनापूर्वीं सुमारें तिसऱ्या शतकांतले मानले जातात, आणि दोहोंतही आपत्काळच्या कोठारांचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रांत रयतेचें कोठार म्हणजे पेव. निचऱ्याच्या कोरड्या जमिनींत, तोंडाशीं अरुंद व पोटांत रुंद असा खड्डा खणीत. आंतून कडबा व भूस लावून त्यांत जोंधळा भरीत, आणि वर दगड ठेवून तोंड मातीनें लिंपून टाकीत. आंतील हवा कोंडली म्हणजे किडा जगत नसे, आणि धान्य वर्षानुवर्षें टिके. मात्र पेव उघडल्यावर लगेच आंत उतरणें जिवावरचें असे. कोंडलेल्या दूषित हवेनें माणसेंही दगावत. सांगलीजवळील हरिपूर येथें हळदीचीं पेवें प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरांत त्यांची मोठी हानि झाली.

किल्ल्यांवर हेंच काम अंबारखाने करीत. पन्हाळ्यावर गंगा, यमुना व सरस्वती अशा तीन कोठ्या अजून उभ्या आहेत. एकट्या गंगाकोठींत २५,००० खंडी धान्य मावे असें सांगतात. १६६० सालीं सिद्दी जौहराचा वेढा शिवाजी महाराजांनीं महिनोगणती सोसला तो याच किल्ल्यावर. परंतु वेढ्यांत शिबंदीसाठीं कोठार उघडणें निराळें, आणि दुष्काळांत रयतेसाठीं उघडणें निराळें. या दुसऱ्या गोष्टीची आठवण महाराष्ट्रानें मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या नांवानें जपली आहे. पंधराव्या शतकांतल्या दुष्काळांत बिदरच्या बादशहाचीं कोठारें त्यांनीं हुकुमावांचून भुकेल्यांस उघडून दिलीं, अशी परंपरा आहे. कथेंतील चमत्काराविषयीं कोणीं कांहींही मानावें. पण ज्याचें धान्य होतें त्या बादशहाचें नांव आज फारसें कोणास आठवत नाहीं, आणि ज्यानें दार उघडलें त्याचें नांव मात्र घरोघरीं राहिलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत दख्खनच्या रयतेचीं पेवें रितीं होऊं लागलीं. सारा रोख द्यावा लागे. त्यापायीं कित्येकांचें पीक खळ्यावरूनच सावकाराच्या घरीं जाई. पुढें आगगाडी आली, आणि भाव जिकडे चढे तिकडे धान्य ओढलें जाऊं लागलें. १८७५ सालीं सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा उसळला, तो याच दुखण्याचा. पुढल्याच वर्षीं पावसानें दगा दिला. १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांत ५० लाखांहून अधिक माणसें मेलीं, असा अंदाज आहे. देशांत धान्य मुळींच नव्हतें असेंही नाहीं. त्याच काळांत तें बोटींत भरून परदेशीं जात होतें.

त्याआधीं दोनच वर्षें, १८७४ सालीं, सर रिचर्ड टेंपल यांनीं बिहारांतल्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणविला होता. तेथें मृत्यु फार थोडे झाले, आणि त्यांजवर उधळपट्टीचा ठपका आला. तेच गृहस्थ १८७७ सालीं इकडे आले ते काटकसरीचा धडा घेऊन. दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाला सुमारें एक रत्तल धान्य व वर थोडे पैसे, एवढीच मजुरी ठरली. मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. एकाच माणसाच्या हातून दार एकदां सताड उघडलें गेलें, आणि एकदां अर्धें लोटलें गेलें. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मदतीचे लेखी नियम झाले, ते या अनुभवांतून.

गरिबाचें बीं सावकाराच्या हातीं जाऊं नये म्हणून इटलींत फ्रान्सिस्कन साधूंनीं पंधराव्या शतकांतच एक उपाय काढला होता. त्याचें नांव 'मोंते फ्रुमेंतारियो', म्हणजे गव्हाचा सामाईक सांठा. पेरणीच्या वेळीं शेतकऱ्यास सपाट मापानें गहूं मिळे, आणि सुगीला तो शिगोशीग मापानें परत करी. मापावरची शीग तेवढेंच काय तें व्याज. पुढें तेरावे बेनेडिक्ट या नांवानें पोपपदीं आलेले (१७२४ ते १७३०) कार्डिनल ओर्सिनी यांनीं बेनेव्हेंतो येथें आर्चबिशप असतांना असे सांठे उभारले. येथें किल्ली गांवाच्या हातीं होती, आणि मोल जमिनीचें नव्हतें, मूठभर गव्हाचें होतें.

विसाव्या शतकांत हाच धडा आपल्या देशानें फार मोठी किंमत देऊन गिरविला. १९४३ सालीं बंगाल्यांत लाखों लोक अन्नावांचून मेले. त्याच सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झालें. १९६५ सालीं भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालें. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रांत आला तेव्हां सरकारनें रस्ते, तलाव व पाझर तलावांचीं कामें काढलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत त्यांवर जवळजवळ ५० लाख माणसें राबत होतीं. त्या कामांवरची सुकडी आणि रेशनचा तांबडा मिलो आपल्यांतील वृद्धांच्या जिभेवर अजून आहे. मिलोस नांवें ठेवणारे पुष्कळ भेटतात. पण १८७६ सारखे मृत्यु झाले नाहींत, कारण कोठार आणि माणूस यांच्यामध्यें मजुरीचा पूल बांधला गेला होता.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली, तेव्हां ज्यांजपाशीं पैसा होता त्यांनीं दुकानें रिकामीं करून घरें भरलीं, आणि रोजंदारीचा मजूर रित्या हातानें गांवाकडे चालूं लागला. एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशीं पांच किलो मोफत धान्य मिळूं लागलें, तें सरकारी कोठारें भरलेलीं होतीं म्हणून.

तेव्हां घरांत सांठा करूं नये कीं काय? अवश्य करावा. कांहीं आठवड्यांचें धान्य, डाळ, मीठ, पिण्याचें पाणी व दिव्याची सोय प्रत्येक घरीं असावी. कौटिल्याच्या नियमाप्रमाणें जुनें आधीं वापरून नवें मागें ठेवावें. आणि हें सारें सुकाळांत, भाव उतरलेले असतां करावें. संकट दाराशीं आल्यावर केलेला सांठा बहुधा शेजाऱ्याच्या ताटांतून उचललेला असतो. शिवाय आपल्या आळींत एकटें वृद्ध माणूस कोण, हातावर पोट असलेलें घर कोणतें, हें आपत्तीपूर्वींच ठाऊक असावें. धर्मग्रामांत एक सामाईक कणगी असावी, आणि तिची किल्ली एकाच घरीं नसावी. सुगीच्या वेळीं प्रत्येकानें त्या कणगींत एक माप घालावें, आणि तें शिगोशीग भरलेलें असावें.